गरज होती, माणूस नव्हता

जागतिक आरोग्य संघटनेच्या उपचार-वर्गीकरणात प्रत्येक उपचार तीन अंगांनी बांधलेला असतो: कशावर, काय आणि कोणत्या साधनाने. मनाच्या उपचारालाही त्यामुळे संकेतांक मिळतो. नंदुरबार जिल्ह्याचा यात मोठाच फायदा. जे मिळत नाही त्याचे शास्त्रीय नाव तरी कळेल. राज्याची चार जुनी मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. याच जिल्ह्याच्या सातपुड्यातल्या धडगावाला त्यांतले एकही जवळ नाही. तिथल्या पावरी बोलणाऱ्या बाईचे मराठीतून, पुतण्याला दुभाष्या करून उरकलेले समुपदेशन कागदावर पुण्यातल्या समुपदेशनाच्याच तोडीचे ठरते, कारण त्या तीन अंगांत भाषेला जागा नाही.

कोणी म्हणेल, समान मोजमापाशिवाय तुलना नाही आणि तुलनेशिवाय निधी नाही. अगदी खरे, म्हणूनच मोजणी अर्धवट नको. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे. २०१७ च्या कायद्याने तर मानसिक उपचार हा हक्कच केला. मग न झालेल्या उपचारालाही एक संकेतांक द्यावा: ‘गरज होती, माणूस नव्हता’. साऱ्या यादीत तोच सर्वाधिक वापरला जाईल, ही धास्तीच तो यादीत नसण्याचे शास्त्रीय कारण असावे.