कुत्र्याकडच्या माई

मुलुंड पूर्वेला, गव्हाणपाड्याच्या आसपास राहूनही माई तुम्हाला भेटल्या नसतील, तर तुम्ही घराबाहेरच पडत नाही असं समजावं. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात पट्टा, जुना टॉवेल आणि उकडलेल्या चिकनचा डबा. स्वतः माई चातुर्मासात कांदा-लसूणही खात नाहीत. चिकन गॅलरीतल्या वेगळ्या शेगडीवर शिजतं. ‘कसं काय माई?’ म्हणून विचारलं की तब्येतीचं काही न सांगता त्या फोन पुढे करतात. ‘एक स्थळ आहे.’

स्थळ म्हणजे पिल्लू. गटारातून काढलेलं, नाहीतर रिक्षाचा धक्का बसून परळच्या बैलघोडा इस्पितळात जाऊन आलेलं. पत्रिका तयार असते: पार्व्होची लस, रेबीजची लस, जंताचं औषध, सगळं तारीखवार. नसबंदी करण्याचं वचन मात्र लेखी घेतात.

पण स्थळ द्यायचं म्हणजे मुलाकडच्यांची चौकशी आलीच. ‘लॅब्राडॉर आहे का?’ विचारणारा जागीच बाद. ‘देशी घ्या. मुंबईच्या हवेत त्याला एसी लागत नाही.’ मग प्रश्न. घर भाड्याचं का? मालकाला विचारलंय? गणपतीत गावाला गेलात तर हा कुणाकडे? खिडक्यांना जाळी आहे? आणि शेवटी, ‘घरात मोठं कोण? त्यांना द्या फोन.’ घाटकोपरच्या एका गृहस्थाने ‘मुलांना खेळायला हवाय हो’ म्हटलं, तर माईंनी त्याला खेळण्यांच्या दुकानाचा पत्ता दिला.

सोसायटीचा सेक्रेटरी आडवा आला की माई आधी समजावतात, बहुमताने ठराव केला तरी कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही. तो ऐकत नाही असं दिसलं की इतिहासात शिरतात. ‘1832 साली कंपनी सरकारचे शिपाई कुत्री मारायला निघाले, तेव्हा याच मुंबईत कोटातल्या पारशांनी दंगल केली, दुकानं बंद ठेवली. आणि तुम्हाला लिफ्टमधले चार केस सहन होत नाहीत?’ सेक्रेटरी पारशी नसतो, पण ओशाळतो.

पाठवणीनंतर खरा ताप सुरू होतो, तोही सासरच्यांना. माईंचं गणित ठरलेलं: तीन दिवस बिचकणार, तीन आठवड्यांत घराची रीत कळणार, तीन महिन्यांनी घर आपलं वाटणार. पहिले तीन दिवस उचलायचं नाही, शेजाऱ्यांना बघायला बोलवायचं नाही, बारसं तर नाहीच. पिल्लू वॉशिंग मशीनमागे जाऊन बसतं आणि अख्खं कुटुंब जमिनीवर आडवं होऊन, त्याच्याकडे बघायचं नाही म्हणून भिंतीकडे बघत असतं. ‘येईल आपणहून. वाटी एकाच जागी ठेवा, वेळ चुकवू नका.’ आणि येतंही. बहुधा रात्री दोनला, सासऱ्यांच्या पायाशी.

मोठा कुत्रा असला की पंचाईत वेगळी. जन्म रस्त्यावर गेलेला, त्याला लिफ्ट काय ठाऊक? आमच्या इमारतीत एकाला सातव्या मजल्यावर न्यायचं होतं. माई डबा उघडून लिफ्टमध्ये मांडी घालून बसल्या. दार उघडं, वरून लोकांचा ओरडा, कुत्रा उंबऱ्याशी विचारात. ‘घाई करू नका, तो मन वळवतोय.’ वीस मिनिटांनी त्याचं मन वळलं. तोवर आम्ही जिन्याने ऑफिस गाठलं होतं.

सत्यनारायणालाही त्यांची नजर प्रसादावर. शिऱ्यातले बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला घातक, म्हणून भटजींच्या देखत त्या ‘सोन्याला तीर्थ द्या, प्रसाद नको’ असं सांगतात. बिस्किटांनाही बंदी. दहीभात चालतो.

एखादं पिल्लू परत येतं. सोफा कुरतडला, नाहीतर बदली झाली. तेव्हा माई भांडत नाहीत, ही त्यांची मला न उलगडलेली बाजू. पट्टा हातात घेतात, ‘त्याची वाटी द्या’ म्हणतात आणि निघतात. त्या संध्याकाळी त्यांचा फोन बंद असतो. असली परत आलेली चार कुत्री त्यांच्याकडे आहेत. चारही ‘तात्पुरती’. त्यातलं एक इतकं तात्पुरतं आहे की त्याच्या मिश्या पांढऱ्या झाल्या.

तेव्हा मुलुंडला उतरलात आणि माई समोरून आल्या, तर ‘आमचं घर लहान आहे हो’ एवढं मात्र सांगू नका. त्यांचं वन रूम किचन आहे.