किरकोळ कंटाळ्यावर घाऊक उपाय

(गुलटेकडी येथील मार्केट यार्डात अल्प खर्चात अर्धा दिवस घालवू इच्छिणाऱ्या नागरिकांसाठी मार्गदर्शक सूचना)

प्रस्तावना

पुण्यात कंटाळा घालवणं पूर्वी फुकट होतं. दारात खुर्ची टाकून बसायचं आणि पत्ता विचारणाऱ्याला शुद्ध मराठीत भलतीकडे पाठवायचं, की संध्याकाळ होत असे. आता आधी गाडी काढावी लागते, मग ती लावायला जागा शोधावी लागते आणि शेवटी तिकिटापेक्षा महागड्या मक्याच्या लाह्या खात सिनेमा बघावा लागतो. चार माणसांचं कुटुंब रविवारी कंटाळून बाहेर पडतं आणि रात्री तोच कंटाळा, वर बँकेचा मेसेज, असं घेऊन घरी येतं.

सबब, सर्व पीडितांच्या हितासाठी हे मार्गदर्शन. स्थळ : श्री छत्रपती शिवाजी मार्केट यार्ड, पुणे ४११०३७. पायी येणाऱ्यास प्रवेशशुल्क नाही. कार्यक्रमपत्रिका रोज नवी. मध्यंतर नाही.

पात्रता

ज्यांना अर्धा किलो दोडकी घ्यायची आहेत, त्यांनी हे मार्गदर्शन इथेच मिटावं. घाऊक गाळ्यावर अर्धा किलो मागणाऱ्याकडे आडत्या ज्या नजरेनं बघतो, तिच्यावर औषध नाही. आपल्याला काहीच घ्यायचं नाही, हीच खरी पात्रता. मात्र तसं तोंडावर दिसता कामा नये. मोठा व्यवहार नुकताच हुकल्यासारखा किंचित खिन्न चेहरा सगळीकडे चालतो.

साहित्य

१) मळलेल्या चपला. पांढरे बूट घालून येणाऱ्यांनी परत जाताना त्यांचा रंग हिरवा होईल, हे गृहीत धरावं. पायाखाली कोबीची पानं, कांद्याची सालं आणि कालचे टोमॅटो असतात.

२) एक कापडी पिशवी, रिकामी. पिशवी हातात असली की माणूस रिकामटेकडा वाटत नाही.

३) खिशात ठेवलेला मोबाईल. हातात धरून चित्रीकरण करत उलटं चालणाऱ्याला मागून येणारी हातगाडी थांबत नसते.

वेळ

गाड्या रात्रीपासून लागतात आणि व्यवहार उजाडायच्या आत रंगात येतो. 'सकाळी जाऊ' म्हणून दहाला उठणाऱ्यांना झाडूवाले भेटतील. रविवार सर्वोत्तम. त्या दिवशी राज्यातून आणि परराज्यांतून फळभाज्यांचे सरासरी ८० ते १०० ट्रक येतात. त्या गर्दीत तुमच्याकडे कोणी ढुंकूनही बघणार नाही, आणि कंटाळलेल्या माणसाला सर्वांत आधी याच औषधाची गरज असते.

कसे जावे

इतिहासप्रेमींनी महात्मा फुले मंडईपासून सुरुवात करावी. ही इमारत १८८६ साली रे मार्केट म्हणून सुरू झाली. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी बाजाराच्या इमारतीवर एवढा खर्च करण्याला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर लावा, असं त्यांचं म्हणणं. नगरपालिकेनं ऐकलं नाही. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं त्याच इमारतीला फुल्यांचं नाव मिळालं. विरोधकाचा असा सन्मान करण्यात पुण्याचा हात कोणी धरू शकत नाही.

शहर वाढलं तसा फळभाज्यांचा घाऊक व्यापार मंडईतून आणि गूळ-भुसार नाना-भवानी पेठेतून गुलटेकडीला गेलं. तुम्हीही जा. मंडईपासून स्वारगेटपर्यंत मेट्रो २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाली. एका स्थानकाचं तिकीट १० रुपये. तिथून पुढे पायी. चालवत नसेल तर पीएमपी आहे, आणि ती येईपर्यंत कंटाळण्याची सोयही आहे.

कृती पहिली : नंबरप्लेटचं भारतभ्रमण

लहान मुलं बरोबर असतील तर इथूनच सुरुवात करावी. फाटकापाशी सुरक्षित जागा बघून उभं राहायचं आणि ट्रकच्या पाट्या वाचायच्या. एमएच ११ सातारा, १३ सोलापूर, १६ नगर, ४२ बारामती. एमपी दिसला तर लसूण किंवा इंदूरचं गाजर, यूपी दिसला तर आग्र्याचा बटाटा, जीजे किंवा केए दिसला तर हिरवी मिरची किंवा कोबी, असे अंदाज बांधायचे. ताडपत्री निघाली की उत्तर कळतं. शाळेत भूगोलाला झोपणारं पोरही इथे जागं राहतं, कारण इथे भूगोलाला वास असतो.

कृती दुसरी : दहाचा भागाकार

कानावर 'टोमॅटो दोनशे' असं पडलं तर छातीवर हात ठेवू नये. फळभाज्यांचा भाव दहा किलोंचा सांगतात. पालेभाजीचा शेकड्यानं, म्हणजे शंभर जुड्यांचा. लिंबाचा गोणीवर, डच गुलाबाचा वीस फुलांच्या गड्डीवर. प्रत्येक गाळ्यावर वेगळ्या आकड्यानं भागायचं आणि उत्तर मनातच ठेवायचं.

मग घरी परतताना कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याचा भाव विचारायचा आणि दोन्हींतला फरक काढायचा. फरक मोठा निघेल. लगेच 'लूट' म्हणून ओरडू नये. त्या फरकात टेम्पोचं भाडं, हमाली, सडका माल, उन्हानं मान टाकलेली कोथिंबीर आणि तुम्ही दाबून-दाबून बाजूला ठेवलेली वांगी, एवढं सगळं बसलेलं असतं. हा हिशेब पुरा होईपर्यंत जेवायची वेळ होते.

कृती तिसरी : बोरांची तोंडी परीक्षा

ही फक्त हिवाळ्यात होते. सोलापूरकडून बोरं येतात. चार जाती : चमेली, उमराण, चेकनट आणि चण्यामण्या. नावं पाठ करावीत. चण्यामण्या ओळखणं सोपं. शाळेच्या फाटकाबाहेर तिखट-मीठ लावून जी खाल्ली तीच ही. उमराण आणि चेकनट यांवर मात्र पती-पत्नींत मतभेद संभवतात. ते गाळ्यावर न सोडवता घरी आणावेत. पुढचा रविवारही निघून जाईल.

बोरं संपली की परीक्षा इतर विषयांत होते. पुरंदरची अंजिरं आणि सीताफळं आपापल्या मोसमात येतात. मार्चनंतर हापूस. 'रत्नागिरी की कर्नाटक?' हा प्रश्न पेटीपुढे उभं राहून हलक्या आवाजात विचारावा आणि उत्तर काहीही मिळालं तरी 'वाटलंच' म्हणावं.

कृती चौथी : फुलबाजारात नाक चालवणे

पुणेकराला नाक खुपसण्याची सवय असतेच. इथे ती अधिकृत आहे. झेंडूचे ढीग, शेवंती, ॲस्टर, कापरी, बिजली. निशिगंधाला इथे गुलछडी म्हणतात. काव्यप्रेमींनी धक्का सोसावा. पलीकडे जर्बेरा आणि कार्नेशन कागदात गुंडाळून, लग्नातल्या पाहुण्यांसारखे अवघडून उभे असतात.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूचा भाव तासागणिक हलतो. सकाळी ज्याला हात लावू देत नव्हते तोच झेंडू रात्री 'घ्या, किती द्यायचा तो द्या' म्हणत अंगावर येऊ शकतो. किंवा बरोबर उलटं घडतं. शेअर बाजारात हाच थरार अनुभवायला डीमॅट खातं लागतं.

कृती पाचवी : तांदळाचे मूल्यमापन

भुसार विभागात आवाज कमी आणि अदब जास्त. उघड्या पोत्यांपुढे उभं राहावं. आंबेमोहोर, इंद्रायणी, कोलम, ज्वारीत मालदांडी, गव्हात सिहोर आणि लोकवन. चिमूटभर तांदूळ तळहातावर घ्यावा, फुंकर मारावी, दोन दाणे दाताखाली फोडावेत आणि दुकानदाराकडे न बघता म्हणावं, "जुना आहे का?" जुना असला तर 'हं', नवा असला तरी 'हं'. याहून अधिक बोलल्यास उघडे पडाल.

एप्रिल-मे महिन्यांत वर्षाचा गहू भरायला आलेली कुटुंबं इथे बघायला मिळतात. आजी पोत्यात कोपरापर्यंत हात घालते, सासरे भाव विचारतात, सून मोबाईलवर ऑनलाइन दर काढते आणि मुलगा गाडी कुठे लावली ते आठवत असतो. चार पात्रांचं असं नाटक बालगंधर्वला बघायचं तर तिकीट काढावं लागतं.

कृती सहावी : व्यायाम (दुसऱ्याचा)

ज्यांनी जिमचं वर्षाचं सभासदत्व घेऊन फक्त जानेवारीत लाभ घेतला, त्यांच्यासाठी ही कृती उद्बोधक आहे. एका कडेला उभं राहून पाठीवर गोणी घेऊन ट्रकच्या फळीवरून उतरणारा हमाल बघावा. त्याच्याकडे आरसा नाही, संगीत नाही आणि 'आज पायांचा दिवस' अशी सोय नाही. ५० किलोंची गोणी हे त्याच्या दृष्टीनं सुधारलेल्या काळाचं लक्षण आहे. पूर्वी गोण्या शंभर किलोंच्या असत आणि त्या हलक्या व्हाव्यात म्हणून हमालांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं भांडण केलं.

हे भांडण करणाऱ्यांत पुण्याची हमाल पंचायत पुढे होती. डॉ. बाबा आढावांनी ती उभी केली. तिचं हमाल भवन इथेच मार्केट यार्डात आहे. महाराष्ट्राचा माथाडी कायदा १९६९ चा. ओझी वाहणाऱ्या असंघटित माणसाला भविष्य निर्वाह निधी आणि बोनस मिळू शकतो, ही कल्पना तोवर अनेकांना विनोदी वाटत होती. 'बाजूला व्हा' अशी आरोळी आली की बाजूला व्हावं. संपूर्ण मार्केट यार्डात पाळायचा हा एकच नियम आहे आणि तो ज्येष्ठ नागरिकांनाही लागू आहे.

कृती सातवी : आहार

एवढं सगळं बघून भूक लागतेच. 'कष्टाची भाकर' शोधावी. हमाल पंचायतीनं १९७४ मध्ये हे केंद्र सुरू केलं, ते राबणाऱ्या माणसाला परवडेल असं घरच्यासारखं जेवण मिळावं म्हणून. झुणका, भाकर, कांदा. 'ऑथेंटिक रस्टिक थाळी' या नावाखाली हेच पदार्थ शहराच्या दुसऱ्या टोकाला कंदिलाच्या उजेडात मिळतात, तेव्हा बिलात कंदिलाचेही पैसे धरलेले असतात. इथे ट्यूबलाइट आहे. जेवण झालं की उठावं. ताटाचा फोटो काढत बसू नये, मागे ज्याची सुट्टी संपत आलीय असा माणूस उभा असतो.

कृती आठवी : गृहपाठ

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात बाजारभावाचं सदर वाचावं. आजवर ते तुम्ही श्रद्धांजलीच्या आधीचं पान म्हणून उलटत होतात. आता 'कोथिंबिरीची आवक घटली' हे वाक्य वाचताना घटलेली कोथिंबीर डोळ्यांपुढे येते. हीच भाषा घरात वापरून बघावी. 'पाहुण्यांची आवक वाढली, पोह्यांना उठाव आहे', 'मामाचे सल्ले मुबलक, मागणी नाही', 'चिरंजीवांच्या अभ्यासात मंदी कायम'. महिनाभर करमणूक होते. पुढे घरचेच थांबवतात.

एक गंभीर सूचना

हिंडताना कुठल्या तरी गाळ्यावर शेतकऱ्याच्या हाती एक कागद दिलेला दिसेल. त्याला पट्टी म्हणतात. माल किती, भाव काय, त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता हाती काय, हे त्यात लिहिलेलं असतं. २०१६ पासून फळभाज्यांची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदारानं द्यायची, असा नियम झाला. तरी पट्टीतली शेवटची ओळ वाचताना माणसाचा चेहरा बदलतो, तो बदलतोच. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकून एका शेतकऱ्याच्या हातात २ रुपयांचा धनादेश पडला होता.

तेव्हा 'आज कांदा किती स्वस्त!' असं गाळ्यासमोर मोठ्यानं म्हणू नये. आपली स्वस्ताई ज्याच्या खिशातून जाते तो तिथेच, हातभर अंतरावर उभा असतो. मॉलमध्ये ही अडचण येत नाही. तिथे असा माणूस आत येतच नाही.

खर्चाचा गोषवारा (दर माणशी)

मेट्रो, जाऊन-येऊन : २० रुपये
चहा : आग्रह होईल तेवढा
तांदळाचा नमुना : मोफत
भूगोल, अंकगणित, बोरशास्त्र : मोफत
झुणका-भाकर : तुमच्या नेहमीच्या कॉफीच्या दुधाइतका
चपला धुण्याचा साबण : घरचा

निष्कर्ष

कंटाळा गिऱ्हाइकाला येतो. जिथे तुम्हाला बसवतात, 'सर' म्हणतात आणि तुमच्या करमणुकीसाठी पाच माणसं राबतात, तिथे तो हमखास येतो. मार्केट यार्डात तुम्ही कोणीही नसता. तिथे प्रत्येकाला काम असतं आणि तुम्ही त्यातल्या कोणाच्या तरी वाटेत उभे असता. दोन तास असं बिनमहत्त्वाचं होऊन बघा, उतार पडतो.

येताना पिशवी रिकामी आणू नका. बाहेर रस्त्याकडेला वाटे लावून बसलेल्या बाईकडून काहीतरी घ्या. दहाचा भागाकार येतो म्हणून तिच्याशी घासाघीस करू नका.

आणि शनिवारी जाऊ नका. फळभाज्यांचा बाजार शनिवारी बंद असतो.