मांजरांचा कॅट कसा सुधारावा
(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील खेळाडूंसाठी सूचना)

‘मॅजिक: द गॅदरिंग’ या खेळातल्या ‘कमांडर’ प्रकारासाठी 2017 साली चार तयार कॅट बाजारात आले. एक ड्रॅगनांचा, एक रक्तपिपासूंचा, एक जादूगारांचा आणि एक मांजरांचा. पहिले तीन कोणी का घेतले याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. जुन्नर-आंबेगावात राहून ज्याने चौथा, म्हणजे ‘फीलाइन फेरॉसिटी’ घेतला, त्याने विषय निवडला असे म्हणणेही अवघड आहे. इथे विषय मागच्या उसात, बिबट्याच्या रूपाने, आधीपासून बसलेला असतो.

या कॅटाला आता बरीच वर्षे झाली. दरम्यान समोरच्यांचे कॅट नवे पत्ते खाऊन माजले आहेत. तेव्हा सुधारणा अटळ आहे, आणि ती वनखात्याच्या शिस्तीने करावी.

प्रथम गणना. रात्रीची जेवणे आटोपली की सतरंजीवर सगळे पत्ते मांडावेत. नायक (म्हणजे कमांडर) धरून बरोबर 100 भरले पाहिजेत, आणि मूळ जमिनी सोडल्या तर एकही पत्ता दोनदा येता कामा नये. 99 भरले तर धाकट्या भावाची चौकशी करावी. 101 भरले तर स्वतःची.

नायक अराहबो. याला हात लावू नये. हा बोका मैदानाबाहेर बसल्या बसल्या, आपली पाळी आली की दुसऱ्या एखाद्या मांजराच्या अंगात +3/+3 बळ भरतो. स्वतः न उतरता दुसऱ्याला बळ देणे म्हणजे काय, हे ज्याने सहकारी साखर कारखान्याची एक तरी निवडणूक पाहिली आहे त्याला समजावण्याची गरज नाही.

खरा घोळ जमिनीचा, म्हणजे बाकीचे पत्ते खेळायला शक्ती पुरवणाऱ्या पत्त्यांचा. शंभरात साधारण 36 ते 38 जमिनी लागतात, आणि जाणकार सांगतात की त्यात जंगलाच्याही ठेवा. हे जाणकार नारायणगावला कधी आलेले नाहीत. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणे झाली, कालवे फिरले, ऊस बारमाही भिजू लागला आणि बिबट्याने बिऱ्हाड हलवले. लपायला ऊस, प्यायला पाटाचे पाणी, खायला वस्तीवरची कुत्री नि शेळ्या. पिल्लेसुद्धा उसातच होतात. तोडणीच्या वेळी ती सापडली की वनखाते त्यांची आईशी गाठ घालून देण्यासाठी रात्र जागवते. खेळात मात्र 1993 पासून रंगांच्या मूळ जमिनी पाचच: मैदान, बेट, दलदल, डोंगर, जंगल. उसाची सोय नाही. कंपनीकडे निवेदन देता येईल, पण तोवर ‘फेलिडार रिट्रीट’ हा 2020 चा पत्ता घालावा. तो मांडला की पुढे आपली प्रत्येक नवी जमीन येताना 2/2 बळाचे एक मांजर जन्माला घालता येते. म्हणजे कुकडी प्रकल्पच, तोही पुनर्वसनाच्या मोर्च्यांशिवाय.

आता एक पत्ता आत म्हटले की एक बाहेर. इथे भले भले हळवे होतात. ‘स्टॉकिंग लिओनिन’ काढू नये. हा मैदानात येतानाच एका प्रतिस्पर्ध्याचे नाव गुपचूप मनात धरतो. तो चाल करून आला की नाव उघड करून त्याचा एक हल्लेखोर प्राणी कायमचा हद्दपार. याला रेशनकार्ड द्यायला हरकत नाही. ‘हंग्री लिंक्स’ मात्र समोरच्याला दर फेरीला एक विषारी उंदीर फुकट वाटतो. लोक म्हणतील, हा काय व्यवहार झाला? पण आपल्या मांजरांना त्या उंदरांची बाधा होत नाही, आणि उंदीर मेला की सगळी मांजरे फुगतात. ठेवावा. अनुदानाचे अर्थशास्त्र असेच चालते.

काढलेले पत्ते आपल्याच दुसऱ्या कॅटात सोडून देण्याचा मोह होईल. करू नये. 2001 नंतर जुन्नर भागात बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडण्याची मोहीम चालली. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले, सोडलेल्या जागांच्या आसपासही. हा भाग चेष्टेचा नाही. इथल्या घरांनी माणसे गमावली आहेत. पत्त्यांना निदान चावता येत नाही, पण मांजरांच्या कॅटात नडलेला पत्ता जादूगारांच्या कॅटातही नडतोच. त्यासाठी बुटांचे एक खोके घ्यावे आणि त्यावर ‘माणिकडोह बिबट निवारा केंद्र’ असे लिहावे. आत गेलेल्यांची नीट देखभाल करावी. बाहेर कोण येईल याची हमी देऊ नये.

काही शुद्धतावादी म्हणतील की विषयाला धरून केलेले पत्ते बदलूच नयेत. त्यांच्या बाजूला सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा आहे: 10 अवतार, प्रत्येकी 12 पाने, एकूण 120. वामन बुटका पडतो, तो काढून दोन नरसिंह घाला, असे तिथे कोणी सुचवल्याचे ऐकिवात नाही. त्यांना चहा द्यावा आणि कामाला लागावे.

नवे पत्ते परदेशातून मागवल्यास वर सीमाशुल्क पडेल. जुन्नरकरांनी याबद्दल कुरकुर करणे शोभत नाही. नाणेघाटाच्या माथ्यावर जकातीचा म्हणून जो दगडी रांजण आपण पाहुण्यांना मिरवून दाखवतो, तो काय पाणपोईचा होता?

शेवटी सत्तरेक पत्ते बदलून झाल्यावर शंका येईल, की हा कॅट तोच राहिला का. आंबेगावकरांना ही शंका येऊ नये. मूळ आंबेगाव डिंभ्याच्या पाण्याखाली आहे, कचेरी घोडेगावात, बाजार समिती मंचरला, आणि तालुका आंबेगावच. डबीवरचे जुने नाव तसेच ठेवावे. फार तर चिकटपट्टी नवी लावावी.