फुकटच्या सल्ल्याचं बिल

आटपाडीच्या जनावरांच्या बाजारात मेंढीच्या दरावरून अर्धा तास घासाघीस चालते. दर काय असावा यावर भांडण होतं, पण दर असावा यावर होत नाही. त्याच बाजारात जनावरांचा डॉक्टर दिसू द्या, लगेच त्याच्या गाडीचं हँडल धरलं जातं. ‘सायेब, म्हस दोन दिस वैरण खाईना. नुसतं औषधाचं नाव सांगा, त्याला काय पैसं लागत्यात?’ लागतात. ते नाव सांगता यावं म्हणूनच तो माणूस साडेपाच वर्षं शिकलाय.

डाळिंबाच्या सल्लागाराचे हाल याहून वाईट. रात्री दहाला मोबाइलवर फोटो येतो. पिवळं पडलेलं एक पान, तेही हललेलं. खाली प्रश्न: ‘काय मारू?’ आता झाड वाळायला कारणं अनेक. बुरशीची मर असेल तर खोड आडवं कापल्यावर आतलं लाकूड करडं-तपकिरी दिसतं. सूत्रकृमी असतील तर मुळ्यांवर गाठी सापडतात. पिन होल बोरर असेल तर खोडावर टाचणीएवढी भोकं असतात. पान तिन्हींत पिवळं पडू शकतं आणि इलाज तिन्हींचा निराळा. हे कळायला बागेत यावं लागतं, झाडाच्या बुडाशी बसून माती उकरावी लागते. बागेत बोलावलं की फी द्यावी लागते, म्हणून फोटो.

मग तोच फोटो कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर जातो. तिथं सल्ला फुकट मिळतो, खरंय. पण दुकान चालतं औषध विकून. ‘काही मारू नका, रोगट फांद्या छाटून जाळा’ एवढंच सांगत बसला तर दुकानदाराचं भाडंही निघणार नाही. उदाहरणार्थ, डाळिंबावरचा तेल्या हा जिवाणूंचा रोग आहे. नुसतं बुरशीनाशक मारून तो हटत नाही. रोगट फळं-फांद्या वेचून जाळणं, बागेला विश्रांती देणं, पावसातला बहार टाळणं, ही त्यातली मोठी कामं, आणि त्यातलं एकही बाटलीत मिळत नाही. शेतकरी मात्र तीन बाटल्या घेऊन घरी येतो. सल्लागाराची फी वाचली म्हणतो. ती बिलात गेली, आणि रोग बागेतच राहिला.

कायद्याचंही ऐकून ठेवा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘सेवे’च्या व्याख्येतून मोफत सेवा वगळली आहे. म्हणजे फुकटात घेतलेला सल्ला अंगलट आला, तर त्यासाठी ग्राहक आयोगाचं दार बंद. फोनवर बघणाऱ्या डॉक्टरालाही 2020 च्या टेलिमेडिसिन नियमांनी फी घ्यायची मुभा दिली आहे. फी घेतली काय, सोडली काय, चुकीच्या गोळीची जबाबदारी त्याच्याच डोक्यावर.

‘दुष्काळी मुलूख आमचा, इथं माणुसकीवर चालतं,’ असं कुणी म्हणेल. माणुसकी कशी असते ते आटपाडीला सांगायला नको. स्वतंत्रपूर इथलंच. 1939 साली औंध संस्थानात कैद्यांची ही खुली वसाहत उभी राहिली. तिच्यामागं मॉरिस फ्रीडमन हा पोलंडचा अभियंता होता. बेंगळुरूच्या कारखान्यातलं मोठं पद मागं ठेवून त्यानं आपली बुद्धी या संस्थानाच्या कामी लावली. ते त्यानं आपल्या मनानं दिलं. असं देणाऱ्या डॉक्टर-वकिलांना आजही हात जोडावेत. पण लग्नाच्या पंगतीत वकिलाच्या ताटाशेजारी सातबारा उलगडणं ही माणुसकी नव्हे, ती वसुली झाली.

ज्याला परवडत नाही त्याची सोय आहे, ती वापरा. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना, कमी उत्पन्न असणाऱ्यांना मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडं अर्ज करा. किसान कॉल सेंटरच्या 1800-180-1551 या क्रमांकाला पैसे पडत नाहीत. सोलापूरला केगावात डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांचा पगार आपल्या करातून निघतो. त्यांना हक्कानं विचारा, दहादा विचारा.

बाकी कुणालाही फोन लावाल तेव्हा आधी फी विचारा, मग झाडाचं सांगा. आणि येत्या बहाराचा खर्च वहीत मांडताना खत, औषध, मजुरी यांच्याखाली सल्ल्याचीही एक ओळ धरा.