सोनेरी होईपर्यंत

कृतीत लिहिलं होतं, 'कोंबडी सोनेरी होईपर्यंत भाजा.' मी पाऊण तास कढईत डोकावत होतो. कोंबडी मुळातच काळी होती.

कृती लिहिणाऱ्याचा दोष नाही. त्याला माझ्या मेहुण्यासारखा मेहुणा नसावा. आमच्या मेहुण्यानं कडकनाथ पाळली होती. मूळची मध्य प्रदेशातल्या झाबुआची. पिसं काळी, कातडी काळी, मांस काळं, हाडंसुद्धा काळपट. मेलॅनिन अंगभर मुरलेलं. २०१८ साली तिच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आमच्या शेजारच्या वाळवा तालुक्यात तर तिच्या नावानं योजनाच निघाली होती. "दाजी, पिल्लं कंपनी देणार, अंडी बी कंपनीच घेणार. आपण नुस्तं सांभाळायचं." मी विचारलं, अंडीही काळी असतात का? मेहुण्यानं माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. नसतात. चांगली फिकट बदामी असतात.

२०१९च्या पावसाळ्यात त्या योजनेचा सगळा डोलारा कोसळला. सप्टेंबरात मुख्यमंत्र्यांची महाजनादेश यात्रा सांगली जिल्ह्यातून जाताना ताफ्यासमोर निषेध म्हणून कडकनाथ कोंबड्या फेकल्या गेल्या. मेहुणा स्वभावानं मवाळ. त्यानं त्याआधीच आपल्या चाळीस कोंबड्या टेम्पोत घातल्या आणि शिराळ्याला बहिणीच्या, म्हणजे आमच्याच, परसात आणून सोडल्या.

तिथं पंचांग कोंबड्यांच्या बाजूनं उभं राहिलं. श्रावण होता. तो सरतोय तोवर गणपती आले, गणपती गेले आणि पितृपक्ष लागला, पाठोपाठ नवरात्र. आमच्या घरात मांसाहार बुधवार, शुक्रवार, रविवार. त्यातही असे दीड-दोन महिने कोरडे. तेवढ्यात त्या कोंबड्यांनी मेथीचा वाफा साफ केला. बत्तीस शिराळ्यातली माणसं नागाला घाबरत नाहीत, पण या काळ्या कोंबड्यांपुढं आमची आई काठी घेऊन बसायची.

दसरा मंगळवारी आला. बुधवारी मी कंबर कसली.

रस्सा करायचा नाही, अख्खी भाजायची, हा हट्ट माझा. मोबाईलवर पाहिलं होतं. कोंबडी लहान, जेमतेम सव्वा किलोची. आलं, लसूण, मीठ, हळद, लिंबू चोळून दोन तास ठेवली. ओव्हन नाही, म्हणून बिडाची कढई, तळाला तेल, सगळ्या अंगांनी परतून वर झाकण आणि झाकणावर पाणी. मंद आच. इथवर कुणीही करील. पुढं रंग बघायचा होता.

"अजून किती?" बायको.

"सोनेरी व्हायचीय."

"सोनं कालच लुटून झालं."

वास मात्र झकास सुटला होता. करपल्याचा की भाजल्याचा, ते नाकालाच ठरवायचं होतं. शेवटी तंगडी धरून हलवली. सांध्यात सैल झाली म्हणजे शिजली, असं म्हणतात. हिची तंगडी हलली, पण नाइलाजानं. परसात दिवसभर धावणाऱ्या कोंबडीच्या अंगावर चरबी कुठली? कोरड्या आचेनं ती आणखी चिवट झाली होती.

कोंबडी ताटात काढल्यावर खरी अडचण दिसली. खाणारे सात, तंगड्या दोन. रश्शात हे कळत नाही. कुणाला मान आली, कुणाला पंख, वाटीभर तर्रीखाली सगळं झाकून जातं. पाहुणे वाढले की पाणी वाढतं. अख्खी भाजलेली कोंबडी म्हणजे वाटणीच्या दाव्यातला सातबारा. प्रत्येकाला प्रत्येकाचा हिस्सा लख्ख दिसतो. मेहुणा तर तंगडीसमोरच मांडी घालून बसला होता.

बायको काही बोलली नाही. कढई पुन्हा चुलीवर चढवली. बुडाला जे काळं-तांबूस चिकटलं होतं, ते मी घासायला टाकणार होतो. तिनं त्यातच बारीक कांदा परतला, घरच्या कांदा-लसणाच्या चटणीचे दोन चमचे घातले, तांब्याभर गरम पाणी ओतलं आणि उलथन्यानं बूड खरवडून काढलं. एरवी बुडाला लागलं की ही मला आठवडाभर ऐकवते. कोंबडीचे तुकडे करून त्यात सोडले, वर झाकण. अर्ध्या तासानं मांस हाडापासून सुटलं.

सातही जणांना पुरलं. आईनं भाकरी कुस्करून तीन वाट्या घेतल्या आणि भाजलेली कोंबडी बरी लागते असं मला सांगितलं.

मेहुणा हात चाटत म्हणाला, "दाजी, ह्याचा धंदा होईल."

परसात एकोणचाळीस उरल्या होत्या. आणि दुसऱ्या दिवशी गुरुवार होता.