थांबा, लावतो!

नानांसमोर जुन्या गाण्यांचा विषय काढायचा नसतो, हे आमच्या ठाण्यातल्या सोसायटीत लहान पोरांनाही ठाऊक आहे. विषय कशाला, नुसतं 'चंद्र' म्हटलं तरी पुरतं. ग्रहण किती वाजता सुटणार एवढंच विचारायला शेजारच्या काकू गेल्या होत्या. नाना म्हणाले, "थांबा, लावतो." कपाळावरचा चष्मा नाकावर आला, एका बोटाने मोबाइल उघडला गेला आणि पुढे चंद्रावरची झाडून सगळी भावगीतं झाली. ग्रहण मधल्या मधे सुटून गेलं.

असा एक नाना हल्ली प्रत्येक सोसायटीत असतो. कुठे त्याला अण्णा म्हणतात, कुठे साहेब. वय पासष्टच्या पुढे, पायात सँडल, सदऱ्याच्या खिशात ब्लूटूथ स्पीकर. आमचे नाना पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले तेव्हा चांगले होते. पेपर वाचायचे, पाण्याच्या टाकीवर भांडायचे. मग नातवाने दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या मोबाइलवर गाण्यांचं ॲप टाकून दिलं आणि तो बेंगळुरूला निघून गेला. अशी कामं करणारी मंडळी नेहमी बेंगळुरूलाच निघून जातात. निस्तरायला आम्ही इथे.

नानांची बाजूही ऐकली पाहिजे. हा माणूस 'आपली आवड'ला पोस्टकार्ड टाकून आठवडेच्या आठवडे रेडिओला कान लावून बसलेला आहे. फर्माईश करणाऱ्यांच्या नावांची लांबलचक यादी संपेपर्यंत धीर धरायचा आणि गाणं मात्र तीन-सव्वातीन मिनिटांत आटपायचं, कारण जुन्या तबकडीच्या एका बाजूला तेवढंच मावायचं. पुढे कॅसेटी आल्या. मग वहीच्या पानावर गाण्यांची यादी करून दुकानदाराला द्यायची, कोरी कॅसेट घेऊन द्यायची आणि चार चकरा मारायच्या. तरी यादीतली दोन गाणी 'मिळाली नाहीत' म्हणून त्याच्या आवडीची भरलेली. अशा माणसाच्या हातात एकदम मालती पांडे, गजानन वाटवे, दशरथ पुजारी, माणिक वर्मा सगळे आले, तर तो ताळ्यावर राहील कसा?

वाटवे अर्थात सहजासहजी आले नाहीत. टाइप करायचा कंटाळा म्हणून नाना मोबाइलशी बोलतात. त्यांनी खणखणीत आवाजात 'गजानन' म्हटलं आणि गणपतीच्या आरत्या सुरू झाल्या. नानी देवघरातून धावत आल्या, तर नाना सोफ्यावर, पाय टीपॉयवर.

नानांनी गाण्यांच्या याद्या केल्यात त्या फायलींसारख्या. 'वसंत प्रभू (फक्त)', 'वसंत पवार', 'वसंत देसाई', आणि 'वसंत (तपासणे)'. एका यादीचं नाव 'किरकोळ नाट्यगीते', एकीचं 'प्रलंबित'. ॲपवर गायकाचा फोटो हातभर असतो, संगीतकार बारीक अक्षरात आणि कवी बहुतेकदा गायब. ही गोष्ट नानांच्या काळजाला लागते. ते ॲपवाल्यांना 'अभिप्राय' या चौकटीतून पत्र लिहितात. "महोदय, विषयांकित गीताचे कवी पी. सावळाराम असून ते ठाण्याचे नगराध्यक्षही होते, ही बाब आपल्या निदर्शनास आणून देण्यात येत आहे." उत्तर येत नाही. मग स्मरणपत्र जातं.

पैसे भरून जाहिराती बंद करता येतात, असं नातवाने फोनवर सांगितलं. नाना उसळले. "आकाशवाणीने आम्हाला आयुष्यभर फुकट ऐकवलं!" त्या काळी रेडिओला परवाना लागायचा आणि त्याचे पैसे पोस्टात भरायला लागायचे, याची आठवण करून दिली की नाना विषय बदलतात. फुकटच्या खात्यात गाणी ॲपच्या मर्जीने, उलटसुलट लागतात. याचा प्रत्यय रामनवमीला आला.

गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून 1955 सालच्या रामनवमीला सुरू झालं. आठवड्याला एक अशी वर्षाची गाणी ठरली होती. त्या वर्षी अधिक महिना निघाला म्हणून ती छप्पन्न झाली. लोक रेडिओला हार घालून ऐकायला बसत. सीतेची गाणी रेडिओवर माणिक वर्मा गायल्या होत्या, आपण आता ऐकतो ती सगळी बाबूजींच्या आवाजातली. एवढी प्रस्तावना करून नानांनी स्पीकरला झेंडूचा हार घातला आणि बटण दाबलं. पहिला झाला तो रावणवध. मग रामजन्म. रामाने वल्कलं नेसली आणि त्यानंतर सीतास्वयंवर लागलं. मधे एका गृहकर्जाची जाहिरात झाली, तीही सगळ्यांनी हात जोडूनच ऐकली. तेवढ्यात पर्णकुटीच्या दारात याचक उभा राहिला. नानी म्हणाल्या, "अहो, रावण मेला ना मघाशी? मग हा भिक्षा मागायला कोण आलाय?"

नाना म्हणाले, "थांबा, लावतो."

नानांना सगळ्यात जास्त छळलं ते त्यांच्या लाडक्या गाण्याने. अरुण दात्यांचं एक भावगीत त्यांनी लग्नाच्या नव्या नवलाईत रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून उतरवलेलं होतं. त्या टेपमध्ये दुसऱ्या अंतऱ्याच्या तोंडाशी घरच्या कुकरची शिट्टी होती. इतकी वर्षं तेच ऐकलं. ॲपवर तेच गाणं स्वच्छ, लख्ख मिळालं, आणि दुसऱ्या अंतऱ्यापाशी नवरा-बायको दोघेही स्वयंपाकघराकडे बघत थांबले. शिट्टी झालीच नाही. "काहीतरी कापलंय यांनी," असा नानींनी निकाल दिला. नानांनी पत्र लिहायला घेतलं होतं. "महोदय" पर्यंत मजल गेली होती.

माझी तक्रार वेगळीच आहे. नाना गाणं पुरं ऐकत नाहीत. ध्रुवपद झालं, पहिला अंतरा लागला की त्यांना दुसरं काहीतरी आठवतं. दाते टेक्स्टाइल इंजिनिअर होते इथून सुरुवात, मग चाल खळ्यांची, मग खळ्यांची दुसरी एक चाल, मग "थांबा, लावतो". लतादीदी 'आनंदघन' या नावाने चाली द्यायच्या हे सांगताना तर त्यांनी खुद्द लतादीदींनाच अर्ध्या ओळीत थांबवलं. रेडिओ होता तेव्हा गाणं हातचं जाईल या भीतीने श्वास रोखून ऐकणारा माणूस आता सगळं हाताशी आहे म्हणून काहीच ऐकत नाही. त्याला गाणं सापडल्याचा आनंद असतो, आणि ते आपल्याला सापडलं हे बघायला समोर कुणीतरी लागतं. पूर्वी एका गाण्याला एकच नाना पुरायचा. आता एका नानाला रोज पन्नास गाणी आणि अख्खी सोसायटी अपुरी पडते.

तुमच्याकडे असा नाना असेल, तर कळकळीचं सांगणं एवढंच की वाढदिवसाला त्याला इअरफोन देऊ नका. आमच्या चौथ्या मजल्यावरच्यांनी शांततेच्या आशेने दिला. इअरफोनला बोंडं दोन असतात. एक नानांच्या कानात असतं, आणि दुसरं हातात धरून ते सकाळपासून लिफ्टपाशी उभे असतात. द्यायचाच झाला, तर एका कानाचा मिळतो का ते आधी बघा.