गोफण तिकडे, पिंजरा इकडे

पासाडेना, कॅलिफोर्निया
होळीच्या आधीचा रविवार

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही म्हणाल, रोज तर फोन होतो, मग पत्र कशाला? फोनवर मला बोलू देतात कुठे? आपण बोलायला लागलो की ती मधे बोलते. तिचा आवाज माझ्यापेक्षा मोठा आहे आणि तुम्हा दोघांना तिचंच ऐकायचं असतं. म्हणून कागदावर लिहितो. कागदही तिच्यापासून लपवूनच. मागच्या आठवड्यात तिने गॅसच्या बिलाच्या बारीक चिंध्या केल्या.

बाबा, मी आठवी-नववीत असताना धान लोंबीवर आलं की तुम्ही मला पहाटे वावरात धाडायचे. मी तेलाचा रिकामा डबा बडवायचो आणि तुम्ही माळ्यावरून गोफण फिरवायचे. राघूंचा थवा कन्हान नदीच्या बाजूने यायचा. धान तर खायचाच, वर धुऱ्यावरच्या जामाच्या झाडावर बसून एकेक जाम अर्धा कुरतडून खाली टाकायचा. तुम्ही त्यांना ज्या शिव्या द्यायचे, त्या मला अजून पाठ आहेत. तर ज्यांना तुम्ही जन्मभर फुकटात हाकललं, त्यांच्यातलीच एक तुमच्या पोराने पैसे मोजून घरात आणली. किती मोजले ते विचारू नका. विचारायचंच असेल तर आई देवळात गेल्यावर विचारा.

आता तो ॲमेझॉनचा घोळ. 'ॲमेझॉन पोपट' हे नाव ऐकल्याबरोबर तुम्ही विचारलं होतं, "पटला नाही तर परत घेऊन जातात का?" बाबा, हा खोक्यातून येणारा माल नव्हे. ॲमेझॉन हे दक्षिण आणि मध्य अमेरिकेतल्या पोपटांच्या एका अख्ख्या कुळाचं नाव. आमची निळ्या कपाळाची. तिच्या जातीचं मूळ गाव ब्राझील, बोलिव्हिया, पॅराग्वे नि उत्तर अर्जेंटिनाकडचं. आपल्या राघूसारखी लांब शेपटी नाही, गळ्यात कंठी नाही. अंगाने जाडजूड, शेपटी आखूड, आणि चाल निवडून आलेल्या सरपंचासारखी. तिचा जन्म मात्र इथलाच. रानातून धरलेले पोपट अमेरिकेत आणायला 1992च्या कायद्याने बंदी केली, तेव्हापासून इथेच अंड्यातून वाढवलेले मिळतात. पिल्लू लहान असतानाच पायात कडं घालतात, त्यावर नंबर असतो. आमच्या घरात सगळ्यांत पक्के कागद तिचेच आहेत.

आणली ती तान्ह्या पोळ्याच्या दिवशी. आपल्या मौद्यात पोट्टे लाकडी बैल घेऊन घरोघर फिरत असतील, अन् आमचा पोट्टा पिंजरा घेऊन शेजाऱ्यांच्या दारात उभा. शेजारीण बिचारी घाबरून चॉकलेट द्यायला लागली. पोरांनी नाव ठेवलं 'राघोबा'. नर की मादी ते बघून सांगता येत नाही, दोघांचा रंग सारखाच. डॉक्टरांनी रक्ताचा थेंब तपासायला पाठवला आणि आठ दिवसांनी कळलं की पोट्टी आहे. आईने फोनवर लगेच "लक्ष्मी आली" म्हणून टाकलं. पोरं म्हणतात, नाव बदलायचं नाही. म्हणून घरात सध्या राघोबा आली, राघोबा रुसली, राघोबा चावली, असं व्याकरण चालतं.

तर त्या डॉक्टरांकडे पहिल्या दिवशी गेलो. मला वाटलं चोच बघतील, पंख बघतील. त्यांचा पहिला प्रश्न, "घरी पोळी कोणत्या तव्यावर करता?" मी म्हटलं, नॉनस्टिक. ते खुर्चीतून उठलेच. नॉनस्टिकचा लेप फार तापला की त्यातून जो वायू सुटतो तो आपल्याला जाणवतही नाही, पण पक्षी काही मिनिटांत मरतो. पक्ष्यांची फुप्फुसं आपल्यापेक्षा फार तरतरीत, हवेतलं चांगलं-वाईट सगळं झटकन ओढून घेतात. त्याच संध्याकाळी तुमच्या सुनेने सहा भांडी बाहेर काढली. तुझा बिडाचा तवा, आई, जो तू दोन वर्षांपूर्वी बॅगेत कोंबला होता आणि जो हिने गॅरेजमध्ये खिळ्यांच्या डब्याखाली ठेवला होता, तो सन्मानाने परत आला. हिच्या पोळ्या आता तुझ्यासारख्या होतात. हे मी तिच्यासमोर म्हणालो नाही, तूही म्हणू नको.

उदबत्तीही गेली. धूप, कापूर सगळं अंगणात. तू म्हणाली होतीस, देवापेक्षा पोपट मोठा झाला का? मी म्हटलं, भागवत सांगणारे शुकमुनी कोण होते? तू फोन बाबांकडे दिलास.

खाण्याचं ऐक. मला वाटत होतं पोपट म्हणजे पेरू, डाळ आणि मिरची. (हिच्या पुण्याच्या तोंडी पेरू, आपला जाम. पक्ष्याला दोन्ही नावं कळतात.) नुसते सूर्यफुलाचे दाणे घातले तर ही जात फुगते आणि 'अ' जीवनसत्त्वाला मुकते, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून गाजर, लाल भोपळा, सांबाराच्या, म्हणजे हिच्या कोथिंबिरीच्या, काड्या आणि बिनमिठाचा भात. कांदा, लसूण, चॉकलेट, चहा-कॉफी बंद. आणि ॲवोकॅडो तर विषच. इथल्या माणसांना ॲवोकॅडो म्हणजे आपल्या आंब्यासारखा, आणि आमच्या मागच्या अंगणात त्याचं भलं मोठं झाड. घर भाड्याने घेताना घरमालकाने त्या झाडाचं कौतुक करून भाडं वाढवलं होतं. आता आम्ही त्या झाडाशी शत्रूसारखे वागतो.

पण मिरची! आई, तू दिलेली भिवापुरी लाल मिरची हिने निवडायला परातीत घेतली होती. राघोबा कधी खांद्यावरून उतरली कळलंच नाही. बघतो तर एका पायात मिरची धरून, आपण भुईमुगाच्या शेंगा खातो तशी, एकेक बी सोलून खाते आहे. हिच्या हातातून परात पडायची राहिली. पोराने पाणी आणलं. ती शांत. दुसरी उचलली. मिरचीत जे जळजळ करणारं द्रव्य असतं, ते माणसाच्या, उंदराच्या, गाईच्या तोंडाला लागतं. पक्ष्यांच्या शरीरात ते ओळखायची सोय तशी नाहीच. त्यांना मिरची म्हणजे नुसती भाजी. रानमिरचीचं बी दूरदूर नेऊन टाकतात ते पक्षीच. म्हणजे बाबा, वावरातली मिरची राघू का खायचे आणि त्यांचं काहीच का बिघडत नव्हतं, ते मला या वयात कळलं.

आणखी एक. मिरची आपली नव्हेच. तीही अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांच्या जहाजातून आपल्याकडे आली. जामही तिकडचाच. मिरची ब्राझीलकडून निघाली, भिवापूरला रुजली, मौद्याच्या बाजारातून आईच्या बॅगेत बसली आणि पासाडेनाला येऊन एका ब्राझीलवालीच्या पोटात गेली. माहेरचं माणूस भेटावं तशी ती खाते, यात नवल काय?

आता बोलण्याचं. हिचा पण होता, पक्षी शुद्ध मराठी बोलेल. रोज सकाळी "सुप्रभात" शिकवायची, शांत, गोड आवाजात. पाच महिने झाले, एक अक्षर नाही. ही जात तेच उचलते जे जोरात, जीव ओतून बोललं जातं. आणि या घरात जीव ओतून बोलतो तो मी, रविवारी आपल्या मौद्याच्या मित्रांशी फोनवर. परिणाम असा की संक्रांतीला हिच्या आईने, म्हणजे माझ्या पुण्याच्या सासूबाईंनी, तिळगूळ दाखवायला व्हिडिओ लावला, म्हणाल्या, "काय गं राघोबा, गोड बोलशील ना?" राघोबाने मान तिरपी केली आणि खणखणीत विचारलं, "काऊन बे?"

हिने माझ्याशी दोन दिवस बोलणं टाकलं. पक्षी मात्र बोलत होता.

चावते म्हणून विचारलं होतं. चावते, पण सांगून. डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या व्हायला लागल्या, मानेवरची पिसं फुलली, शेपटी पंख्यासारखी उघडली की बोट मागे घ्यायचं. मला ते तिसऱ्या वेळी समजलं. वजन रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर करतो. आज 412 ग्रॅम. माझं वजन या घरात कोणी विचारत नाही.

आयुष्य पन्नास वर्षांचं, जास्तही. मी बेचाळीस. हिशोब तुम्हीच करा. पोट्ट्याला विचारलं, आमच्यानंतर तू सांभाळशील ना? तो म्हणाला, मग पैसे मला आणि कर्ज ताईला. अकरा वर्षांचा आहे.

संध्याकाळ मात्र माझी अवघड जाते. इथे साडेपाच वाजतात, तुमच्याकडे सकाळचे सात, आणि अंधार पडायच्या आत पोपटांचे थवे ओरडत आमच्या छपरावरून जातात. लाल माथ्याचे, मूळचे मेक्सिकोचे, याच कुळातले. कधीकाळी पिंजऱ्यातून सुटले किंवा सोडले गेले, आता पासाडेना-टेंपल सिटीच्या झाडांवर शेकड्यांनी राहतात. लोक सांगतात, 1959 साली इथल्या एका रोपवाटिकेला आग लागली तेव्हा पिंजरे उघडून दिले होते. मेक्सिकोच्या रानात आज जेवढे उरलेत, साधारण तेवढेच दक्षिण कॅलिफोर्नियात असावेत असा पक्षी-अभ्यासकांचा अंदाज आहे. ते वरून ओरडतात, राघोबा आतून उत्तर देते. मी खिडकी लावून घेतो. सगळे खुशीत आहेत असं मी तुम्हाला सांगतो, पण त्या वेळी मी तिच्याकडे बघत नाही. पिंजऱ्यात जन्मलेली ही, बाहेर सोडली तर आठवडाही टिकणार नाही, हे खरं आहे. आणि तरीही.

म्हणूनच हे पत्र. आई म्हणाली की बाबा आता रोज सकाळी राघोबाचा आवाज ऐकल्याशिवाय चहा पीत नाहीत, आणि भंडाऱ्याकडच्या कुणी फिरत्या माणसाला राघूचं पिल्लू आणायला सांगितलंय. बाबा, ते करू नका. आपला कंठीवाला राघू पाळणं हा 1972च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि तो माणूस पिल्लू आणेल ते झाडाच्या ढोलीतून ओढूनच. एक तुमच्यापर्यंत पोचेल, बाकीची वाटेत मरतील. तुम्हाला राघूच हवे असतील तर वावरात जा. धुऱ्यावरचा जाम अजून आहे ना? यंदा तो राखू नका, त्यांना खाऊ द्या.

सगळ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा पोरगा

ता. क. धानावर येतील तेव्हा गोफण खुशाल फिरवा. फक्त दगड घालू नका, नुसता आवाज पुरतो.